गळ, करुणा आणि काली नदी

कुमाऊंतील लोहाघाटाहून खाली उतरत गेले म्हणजे पंचेश्वर येथे सरयू कालीस मिळते. १८१६ साली कायम झालेल्या सुगौलीच्या तहाने नेपाळची पश्चिम सरहद्द ठरलेली ती हीच काली, आणि येथून टनकपूरच्या बाजूस रबरी नावेतून तिच्या प्रवाहाबरोबर उतरावे, वाटेतल्या डोहांत सोनेरी महसीर गळाला लावावा, या हौसेने दूरदूरचे लोक येतात.

नावेतला मनुष्य नदीपुढे नम्र असतो, कारण खळाळ जवळ आला की कोणत्या खडकाच्या कोणत्या अंगाने पाणी वळते ते पाहूनच वल्हे मारावे लागते आणि तेथे हुकूम फक्त नदीचा चालतो. तोच मनुष्य सायंकाळी वाळूवर उतरून गळ फेकतो तेव्हा मात्र सत्ता त्याच्या हाती येते. गळ लागताच महसीर प्रवाहाच्या दिशेने विलक्षण वेगाने धाव घेतो. गळाच्या मासेमारीवरील १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात हेन्री सलिव्हन थॉमस याने झुंजीच्या बाबतीत त्याला सामन माशाच्याही वर बसवले ते याच धावेसाठी. मासा थकला की त्याला हातात धरून छायाचित्र काढावे आणि पुन्हा पाण्यात सोडावे, असा आजचा शिष्टाचार आहे. सोडल्याने हिंसा फिटते काय, हा माझा प्रश्न आहे.

गळवाल्यांची बाजू हलकी नाही. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी उपनद्यांत चढणारा हा मासा सुरुंगाने आणि विरंजक चूर्णाने सरसकट मारला जातो. गळ टाकण्याच्या परवान्याचा पैसा गावाच्या हाती पडला तर गावच त्याची राखण करील, हे म्हणणे मला पटते. परंतु फळ चांगले म्हणून कर्म निर्दोष ठरत नाही. योगसूत्रांनी हिंसेच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह सांगितले आहेत. जाळे टाकणाऱ्या कोळ्यापाशी निदान भूक असते. येथे तर दुसऱ्या जीवाची प्राणांतिक धडपड हाच आनंदाचा विषय आहे, आणि माशाच्या तोंडाला वेदना जाणवतच नाही हा जुना दिलासाही २००३ साली ट्राउट माशांवर झालेल्या संशोधनानंतर फारसा टिकत नाही.

या प्रश्नात मला महाभारताच्या अनुशासनपर्वातला च्यवन ऋषी जवळचा वाटतो. गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे जलवासाचे व्रत करीत असता निषादांच्या जाळ्यात तो माशांबरोबर वर ओढला गेला. भ्यालेल्या निषादांनी पाय धरले, तरी तडफडणारे मासे पाहून तो बाहेर येईना. ज्यांच्या संगतीत राहिलो त्यांच्याबरोबर प्राण तरी सोडीन, नाही तर विकला तरी जाईन, हा त्याचा निश्चय. आणि राजा नहुषाने त्याची किंमत म्हणून निषादांना सारे राज्य देऊ केले तरी ते मोल त्याला मान्य झाले नाही, एका गाईवर तो राजी झाला. निषादांना मात्र त्याने दोष दिला नाही. अखेरीस मासे आणि ते दोघेही स्वर्गास गेले. करुणा येथे वरून खाली झरत नाही, ती जाळ्याच्या आतून बोलते. मासा सोडून देणाऱ्याच्या दयेत हा सहवास नाही, कारण संकट त्यानेच निर्माण केलेले असते आणि त्याची झळ त्याला लागत नाही.

याच कालीविषयी भारत आणि नेपाळ यांच्यात झालेल्या १९९६ च्या महाकाली करारात पंचेश्वरच्या धरणाची तजवीज आहे. ते उभे राहिले तर महसीरची वर चढण्याची वाट अडेल, आणि त्या वाटेची खडान्‌खडा माहिती असलेल्यांत हे गळवाले आहेत. त्यांनी तिच्यासाठी भांडावे, असे मला मनापासून वाटते. मी स्वतः नावेतून जाईन, परवान्याचे पैसे गावाला देईन आणि गळ टाकणार नाही.