देव पाहतो म्हणून, की योग्य आहे म्हणून?



दर्शन आटोपून देणगीची पावती घेण्यास कार्यालयात आलेल्या एका कुटुंबातील महाविद्यालयीन मुलाने मला विचारले, "काका, देव नसता, तर खोटे बोलणे चालले असते का?" वडील संकोचले. पण प्रश्न उद्धट नव्हता. फार जुना होता. चांगले-वाईट हे ज्याच्या त्याच्या मनावर अवलंबून असते, की ते आपल्या मानण्या-न मानण्यापलीकडचे सत्य आहे?

'ज्याचे त्याचे मत' हे उत्तर सोपे वाटते. परंतु पंढरपूरचे उदाहरण आठवावे. श्रीविठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. त्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केले. अखेर ते द्वार उघडले. नीती म्हणजे केवळ लोकमत असेल, तर द्वार बंद होते तोवर गुरुजी चुकत होते आणि उघडल्यावर बरोबर ठरले, असे म्हणावे लागेल. हे मनाला पटत नाही. अन्याय आधीही अन्यायच होता. आपल्याला तो उशिरा दिसला.

मग नीती म्हणजे केवळ देवाची आज्ञा का? येथेही सावध असावे. गुरुजींना विरोध करणारेही धर्माचेच नाव घेत होते. आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. पूर्वमीमांसेने धर्माचा आधार ईश्वराच्या इच्छेत नव्हे, तर अपौरुषेय वेदांत शोधला. जैन व बौद्ध परंपरांनी जगत्कर्ता ईश्वर न मानता अहिंसा जपली. 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) ईश्वर मानत नसत. तरी पटलेल्या सत्यासाठी त्यांनी गरिबी पत्करली. विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा जिवंतपणीच काढली, पण ते ढळले नाहीत.

"मग देवळात यायचे कशाला?" मुलाने विचारले. मी म्हणालो, "योग्य काय हे कळणे वेगळे आणि तसे वागण्याचे बळ लाभणे वेगळे. मूर्तीपुढे हात जोडले की मनातल्या सबबी गळून पडतात. निदान माझ्या तरी."

एकदा दानपेटीच्या मोजणीत एक निनावी पाकीट निघाले. आत पाचशे रुपये आणि चिठ्ठी होती : 'दुकानदाराने चुकून जास्त परत दिले होते. मी गप्प बसलो. देवाने क्षमा करावी.' त्या भाविकास उत्तर पाठविण्यास पत्ता नव्हता, म्हणून येथे लिहितो. आपली टोचणी खरी आहे. परंतु ती रक्कम देवाची नाही, त्या दुकानदाराची आहे. शक्य असल्यास त्यास गाठून परत करावी. दान पुण्यकारक आहे, पण ते दुसऱ्याच्या ऋणाची पावती होऊ शकत नाही.

योग्य ते ओळखण्याची दृष्टी आणि ते करण्याचे धैर्य आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, संस्थान कार्यालय