निविदा आणि न्यायबुद्धी

सार्वजनिक द्रव्याचा व्यय ज्यांच्या हातून होतो त्यांनी लाच घेऊ नये, हे सांगण्यास शास्त्रीपंडितांची आवश्यकता नाही. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजद्रव्याच्या अपहाराचे ४० प्रकार सांगितले आहेत, ते सर्व टाळणारा तो प्रामाणिक, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु एका पैचाही अपहार न करता, किंबहुना संस्थेचा लाभ साधूनही, अन्याय घडू शकेल काय?

या दृष्टीने मुंबई विमानतळासंबंधीचे एक प्रकरण मननीय आहे. तेथील एक उपाहारगृह व दोन फराळाची दुकाने चालविण्यासाठी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने १९७७ च्या जानेवारीत निविदा मागविल्या. निविदा भरणारा किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला, द्वितीय श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेल-व्यावसायिक असावा, अशी अट होती. ज्याची निविदा स्वीकारली गेली, त्यास उपाहारगृहे चालविण्याचा अनुभव होता व त्याने देऊ केलेली रक्कमही सर्वांत मोठी होती. मात्र जाहीर केलेल्या श्रेणीत तो बसत नव्हता. सकृद्दर्शनी यात बिघडले ते काय?

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्रातून याचे उत्तर दिले. शासकीय संस्थेने जी कसोटी स्वतः जाहीर केली, ती तिच्यावरही बंधनकारक आहे. मनास येईल तेव्हा ती सैल करता येत नाही. दाद मागणारास, विलंबादी कारणांमुळे, प्रत्यक्ष लाभ झाला नाही व दिलेला ठेकाही रद्द झाला नाही. तत्त्व मात्र कायमचे प्रस्थापित झाले.

या तत्त्वाचे मर्म असे की, अट सैल केल्याने खरा अन्याय होतो तो न आलेल्या माणसावर. ‘आपण या अटीत बसत नाही’ असे समजून जो घरी राहिला, त्याने संस्थेच्या शब्दावर विश्वास ठेवला. सवलत मिळणार हे ठाऊक असते तर तोही आला असता. कदाचित अधिक रक्कमही देता. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते, म्हणून त्याची बाजू मांडणारा बैठकीत कोणी नसतो. ती बाजू निर्णय करणाराच्या विवेकानेच सांभाळावयाची असते.

अटच चुकीची ठरली तर? ती बदलावी, पुन्हा जाहिरात द्यावी आणि सर्वांस समान संधी द्यावी. यात महिना-दोन महिने जातील. पण तेवढी किंमत न्यायासाठी मोजलीच पाहिजे.

वाचकहो, सभामंडपाच्या दुरुस्तीचे काम असो की उत्सवाच्या शिधासामग्रीची खरेदी, आपल्या मंडळींनाही हे प्रसंग येतात. लिफाफे फोडण्यापूर्वीच कसोट्या लिहून ठेवाव्यात. आप्ताची निविदा असेल तर त्या बैठकीतून आपण उठून जावे. आणि निर्णयाची कारणे नोंदवहीत लिहावीत. ज्यास काम मिळाले नाही, त्यासही ती कारणे वाचून ‘न्याय झाला’ असे म्हणता यावे. व्यवहारशुद्धीची याहून कठीण परीक्षा नाही.