संमती कोणाची?

जूनमध्ये कॅथलिक प्राथमिक शाळेच्या पालकसभेत गणवेश आणि फीच्या आधी प्रार्थनेचा विषय निघायला हवा. संविधानाच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त शाळेत लहान मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करायचे तर पालकांची संमती लागते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक मानले, म्हणजे पालकांना विचारणे चर्चच्या शिकवणीला धरूनच आहे. प्रवेश घेतला यातच होकार आला, असे कोणी म्हणेल. पण विट्याकडच्या गलाई कुटुंबांत आईबाप सोने-चांदी गाळायला परराज्यात आणि नातवंडे आजीपाशी, हे नवे नाही. तिथे आजीची सही मला पुरेशी वाटत नाही. फोनवर का होईना, आईबापांनाच विचारावे. याने शाळेची ओळख पुसेल ही भीतीही फोल आहे. नकार आलेले मूल तेवढा वेळ वाचत बसले, तरी कलम ३० मधला शाळा चालवण्याचा हक्क शाबूतच राहतो.