बसा, आधी हिशेब करा
आजचे वचन: लूक १४:२८-३०



मीरा रोडला आमच्या खिडकीतून नुसते टॉवरच दिसतात. म्हणूनच असेल, बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला मला जवळचा वाटतो. प्रभू येशू सांगतो, आधी बसा, खर्चाचा हिशेब करा.

मी बसलोच नव्हतो. क्रेडिट कार्डाचा ‘मिनिमम ड्यू’ भरला की निवांत. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चढत होतं. तरी चर्चच्या सणाला मी मोठी देणगी दिली, तीही कार्डावरूनच! बायको हळूच म्हणाली, "हे देवाला कोण देतंय? तू की बँक?"

उत्तर नव्हतं. मार्क १२ मधल्या विधवेची दोन नाणी अगदी लहान होती, पण ती तिची स्वतःची होती. माझी देणगी मोठी होती, पण माझी नव्हती.

खाडीपलीकडे वसईत १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी आजच्या बेसिन कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला. एका धर्मगुरूने हे का करावं? मला वाटतं, कर्जात अडकलेला माणूस मोकळ्या मनाने देऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

हिशेब करणं म्हणजे अविश्वास नव्हे, प्रामाणिकपणा आहे. आधी कार्ड फेडतोय. दान चालू आहे. थोडं, पण माझ्या पगारातलं.

प्रार्थना: प्रभू, लोकांना दिसावं म्हणून देण्यापासून मला सोडव. आमेन.