सांड कोणाचा?

गाय घ्यायची म्हटलं की आमच्याकडचा माणूस चार बाजार फिरतो. कास पाहतो, दात मोजतो, दोन वेळचं दूध स्वतः काढून पाहतो. अन् त्याच गाईला लागणाऱ्या सांडाबद्दल विचारा, तर म्हणतो, "असंल कोणाचा तरी." हा हिशोब मला कधी पटला नाही. गाय वर्षा-दीड वर्षाला एक वासरू देते. माझ्या गोठ्यात आठ गाई आहेत. तेवढ्याच काळात सांडाची आठ वासरं होतात. गाईची खोड एका वासरात उतरेल, सांडाची अख्ख्या दावणीत उतरते. अन् ती कळते कधी? त्याच्या कालवडी वितात तेव्हा, म्हणजे चार-पाच वर्षांनी. तोवर सांड कुठच्या कुठे गेलेला असतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आमच्या गावाचं मोठं गोहन होतं. सकाळी आखरावर गुरं जमायची, गायकी ती रानात न्यायचा. गोहनात एक सांड असे, कोणाच्या तरी मेलेल्या बापाच्या नावानं सोडलेला, मांडीवर त्रिशुळाचा डाग. तो कोणाच्याही ज्वारीत तोंड घालायचा. एखाद्या पोरानं काठी उगारली की म्हातारी बाई ओरडायची, "राहू दे ना बाबू, सोडलेला हाय थो!"

तेव्हा ती मला नुसती भक्ती वाटायची. आता वाटतं, त्यात चोख व्यवहारही होता. सगळ्यांच्या गाई त्याच्यामुळं गाभण राहायच्या, म्हणून सगळ्यांच्या धुऱ्यावर त्याचा हक्क होता. पावती नाही, वर्गणी नाही. पण गुण गातोच आहे तर दुसरी बाजूही सांगतो. त्याला निवडलं कोणी नव्हतं. ज्याच्या घरी माणूस मेला, त्याच्या गोठ्यात जो गोऱ्हा असेल तो सुटला. मग तो दहा-दहा वर्षं तिथंच. स्वतःच्या लेकींवर जायचा, नातींवर जायचा. वासरं दरसाल बारकी होत गेली. गावानं बापाची सोय लावली, वासरांची कोणी पाहिली नाही.

पुढं पराटीच्या जोडीला सोयाबीन आलं, पडीक वहितीत आलं, धुऱ्यांना तार आली. गोहन मोडलं, गायकी गेला. सांड सगळ्यांचा होता तो कोणाचाच राहिला नाही.

आता सुईनं गाय भरवतात. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू केली. तिथून अन् सरकारी दवाखान्यांतून हे शास्त्र खेड्यापाड्यात पोचलं. वाईट म्हणणारा मी नाही. ज्याला दूध विकायचं आहे अन् ज्याच्या दारी डॉक्टर वेळेवर येतो त्यानं तेच करावं. पण आमची देशी गाय मुका माज दाखवते. सकाळी दिसला तर संध्याकाळपर्यंत भरवायला पाहिजे, अन् डॉक्टरकडे गावं किती! सांडाला मात्र कोणी सांगावं लागत नाही. शिवाय संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसतं, त्याच्या मानेवर जू टिकत नाही, अन् एप्रिल-मेच्या उन्हात तो धापा टाकत सावली धरतो. ज्याला डवऱ्याला बैल पाहिजे त्यानं त्याचं काय करावं?

म्हणून मी सांड पाळतो. वर्धा नदीच्या पलीकडं आर्वी-कारंज्याकडची गवळाऊ ही जात आम्हाला जवळची. रंग पांढरा, राखी. अंगानं हलकी, चालीला तेज. दूध बेताचंच, ते लपवण्यात अर्थ नाही. हेटीकुंडीला सरकारनं तिचं पैदास केंद्रही ठेवलं आहे.

गोऱ्हा निवडायचा तर मी आधी त्याची माय पाहतो. कास कशी, चारही सडं चालू आहेत का, दरसाल विते का, उन्हाळ्यात हाडं निघतात का, अन् नवख्या माणसाला दूध काढू देते का. मग गोऱ्ह्याला चालवून पाहतो. मागचे पाय सरळ पडले पाहिजेत; सगळा भार त्याच पायांवर येणार. अंड दोन्हीकडं सारखं अन् भरीव पाहिजे. डोळ्यात भीती असलेला नको. भिणाराच पुढं मारका होतो. अडीच-तीन वर्षांआधी त्याला गाईवर सोडत नाही. त्याला नुसती ढेप चारून लठ्ठ करणंही खोटं, लठ्ठ सांड आळशी होतो. शेजारच्या गाई सरसकट आणू देत नाही, गाभ पडायचे रोग त्याच वाटेनं येतात. आपल्या सांडाचंही रक्त तपासून घेतो. अन् कितीही गरीब असला तरी त्याच्याकडं पाठ करत नाही.

इथवर सोपं आहे. तीन गोऱ्ह्यांतला एक ठेवला म्हणजे बाकीचे दोघं खच्ची करायचे. पूर्वी बडवायचे, ते मी पाहिलं आहे, लिहिवत नाही. आता डॉक्टर चिमट्यानं करतो, सुन्न करून. तरी कोणाचा वंश चालावा अन् कोणाचा इथंच थांबावा हे ठरवणारा मी कोण? शेजारी म्हणतो, "लय विचार करतं बा तू, जनावर हाय थे." हे खरं. पण माह्या गोठ्यात निसर्ग निवड करत नाही, मी करतो. निसर्गावर ढकलून मोकळं होता येत नाही.

अन् गंमत पाहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, दुसऱ्या दिवशी झुल घालून तोरणाखाली उभे करतात. ज्यांचा वंश मी थांबवला त्यांना पुरणपोळी. अन् त्या रांगेतल्या निम्म्यांचा बाप गोठ्यात एकटा, दोन दाव्यांनी बांधलेला. त्याच्या खांद्यावर जू नाही म्हणून शेकणं नाही. आमच्या घरी त्यालाही पोळी देतात, माझ्या बायकोनं सुरू केलेली रीत आहे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या लेकी माजावर येऊ लागतात. तेव्हा त्याला हलवावंच लागतं. राळेगावकडच्या एका पाहुण्याशी माझी बोली आहे. त्याचा सांड माझ्याकडं, माझा त्याच्याकडं, पैशाचं नाव नाही. पुढं तिसऱ्या गावात जाईल. पण दहा-बारा वर्षांचा झाल्यावर? २०१५ च्या मार्चपासून आपल्या राज्यात गाईसारखीच सांडाची, बैलाचीही कत्तल बंद आहे. कायदा बरोबर की चूक यावर चावडीवर रोज दोन तट पडतात. मी एवढंच पाहतो की बाजारात म्हाताऱ्या सांडाला प्रामाणिक गिऱ्हाईक नाही. रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडून येणारे आहेत, अन् सोयाबीनवाला त्याच्या पाठीवर कुऱ्हाड मारणाराही आहे. गोशाळा भरलेल्या.

साडेतीनशे किलोचं जनावर दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा खातं. वर्षाचा झाला तीन टन. त्यानं काम काही करायचं नाही, वासरू द्यायचं नाही. असं चार-पाच वर्षं.

मागच्या खेपेला पाहुण्याला मी हेच विचारलं. तो तंबाखू मळत बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, ज्याच्या घरी जलमला त्याच्याच घरी वापस आणू." मी हो म्हटलं. लेकानं ऐकलं, घरी आल्यावर विचारलं, "बाबा, तवा तुमी नसान तं कोन पाहीन?" पेरणीच्या वेळेस तो पूर्ण वावरात पराटी लावू म्हणत होता. मी दोन एकर ज्वारी पेरायला लावली. दाण्याला भाव नाही हे मलाही माहीत आहे, पण कडबा होतो.