सांगावे की राखावे?



गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर आपल्या चर्चच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहायला आली होती, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक आहे, कारण ते मीच सांगितले. एका संध्याकाळी शिडीवर चढून मी मोबाइलवर फोटो काढला. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळेभोर डोळे आणि मागे कोपऱ्यात तीन पिल्ले. ‘आपले नवे भाडेकरू’ असे लिहून तो फोटो मी धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. मला कोण आनंद झाला होता!

दोन दिवसांत तो फोटो वसईबाहेर पोहोचला. शनिवारी-रविवारी कॅमेरे आणि बॅटऱ्या घेऊन अनोळखी माणसे येऊ लागली. कुणी शिडीही लावली. मी माळ्याला कुलूप घातले, तोवर उशीर झाला होता. मोठी घुबडे यायची थांबली. एक पिल्लू मरून पडले. दोन पिल्ले एका पक्षिमित्राने नेऊन वाढवली.

आलेल्यांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हते. माझ्याही नव्हते. वाईट हेतू असता तर पश्चात्ताप करून प्रश्न संपला असता. पण चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीतून जेव्हा हानी होते, तेव्हा नीट विचार करावा लागतो. आपल्या गावात जे सुंदर आहे ते जगाला सांगावे, की आपल्यापाशीच राखावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांचा एक विचार मनात घर करून राहिला होता. ते म्हणतात, जी वस्तू दिल्याने कमी होत नाही, ती आपल्यापुरतीच ठेवली तर ती आपण योग्य रीतीने बाळगली असे होत नाही. एका मेणबत्तीने दुसरी पेटवली म्हणून पहिलीचा उजेड घटत नाही. पास्काच्या रात्री आपण सारे हे अनुभवतो. मी मनाशी म्हटले, सौंदर्यही असेच असणार. फोटो हजारांनी पाहिला म्हणून घुबड थोडेच झिजते?

माझी चूक इथेच झाली. संत ऑगस्टीन यांच्या वाक्यातली अट मी विसरलो. ‘जी वस्तू दिल्याने कमी होत नाही’ ती वाटावी. पण प्रत्येक वस्तू तशी नसते. घुबडाविषयीचे ज्ञान वाटल्याने वाढते. घुबडाच्या घरट्याचा पत्ता वाटला की घरटे मात्र संपते. अंडी उबवायला महिनाभर, पिल्ले उडायला आणखी सुमारे दोन महिने. तेवढी शांतता हीच त्या पाखराची मालमत्ता होती. ती माझी नव्हतीच. जे माझे नव्हते ते मी उदारपणे वाटून टाकले!

मग काहीच सांगू नये का? काहींनी मला तसा सल्ला दिला. “फादर, आपलं आपल्यापाशी ठेवलेलं बरं.” पण मौन नेहमीच निष्पाप असते असे नाही. आपल्या एका आजोबांनी मला सांगितले, “लहानपणी घुबड दिसलं की अपशकुन म्हणून आम्ही दगड मारायचो. ते शेतातले उंदीर खातं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.” त्याच माळ्याखाली पडलेल्या, घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्या आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात फोडून पाहिल्या. आत उंदरांच्या कवट्या आणि हाडे निघाली. त्या दिवसापासून ती मुले घुबडाला अशुभ म्हणत नाहीत. इथे सांगण्यानेच पाखराचे रक्षण झाले.

आपल्या बावखलांचेही तसेच आहे. पूर्वी बावखलाच्या पाण्यावर रहाट चालत आणि वाड्या भिजत. समुद्राजवळच्या या पट्ट्यात बावखलात साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते, म्हणून विहिरींचे पाणी गोडे राहण्यास मदत होते. तिथे खंड्या बसतो, पाणकोंबडी पिल्ले घेऊन फिरते. किती बावखले बुजवली गेली! ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, ज्याची गोष्ट कुणी सांगत नाही, त्यावर एका रात्रीत मातीचे डंपर रिकामे करता येतात. दुसऱ्या दिवशी कुणी विचारतही नाही.

गोष्टींचे तर विचारूच नका. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि इथल्या चर्चमधील घंटा दूरदूरच्या मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक, असे सांगतात. ही आठवण आपण सांगितली आणि नाशिककरांनीही सांगितली, म्हणून ती निम्मी झाली का? उलट पराभवाची एक जुनी गोष्ट दोन गावांना जोडणारी झाली. कथा वाटली की वाढते.

तेव्हा प्रश्न ‘सांगावे की राखावे’ एवढाच नाही. सांगितल्यावर ऐकणारा काय होईल, हे पाहायला हवे. गिऱ्हाईक होईल की शेजारी? गिऱ्हाईक पाहतो, फोटो काढतो आणि निघून जातो. शेजारी पाहतो आणि काळजी घेतो. नुसते सौंदर्य सांगितले तर गिऱ्हाईक तयार होतात. त्यासोबत त्याचे नाव, त्याची गोष्ट आणि त्याची गरज सांगितली तर शेजारी तयार होतात. मी फोटो दिला, पण ‘इथे शांतता लागते’ हे सांगितले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घरात पाहुण्याला आपण ओटी दाखवतो, माजघर दाखवतो. पण बाळ निजलेल्या खोलीचे दार ओढून घेतो. त्याला कुणी कंजूषपणा म्हणत नाही.

या रविवारपासून चर्चच्या पडवीत एक वही ठेवली आहे. आपल्या आळीतील बावखलाचे, विहिरीचे, जुन्या झाडाचे नाव आणि घरात ऐकलेली त्याची गोष्ट तिच्यात लिहावी. ज्या आजी-आजोबांना लिहिणे जमत नाही, त्यांच्याकडून नातवंडांनी ऐकून लिहावे. घरट्यांचे पत्ते मात्र लिहू नयेत.

आणि घुबडे परत आली का, असे मला अनेक जण विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर मी या वेळी देणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू