शांतिपाठानंतर



आम्ही शास्त्री नव्हे, प्रवचनकारही नव्हे. वडिलांच्या मागून पूजेचे साहित्य घेऊन जाणे एवढाच आमचा आजवरचा अधिकार. परंतु मध्यंतरी घडलेल्या एका प्रसंगाने मनात जो विचार उत्पन्न झाला, तो आपणांपुढे ठेवावा असे वाटते. न्यून असेल ते आपण गोड मानून घ्यावे.

शहराबाहेरच्या एका लहान कारखान्यात पत्रा दाबण्याच्या यंत्रात सापडून एक कामगार मृत्यू पावला. पंधरवड्यानंतर मालकांनी तीर्थरूपांस उदकशांतीसाठी बोलाविले. मंत्रपठण झाले, दर्भाने कलशातील पाणी प्रत्येक यंत्रावर व प्रत्येक मस्तकावर शिंपडले गेले. आरती होते न होते तोच मालक म्हणाले, "चला, आता सर्व शुद्ध झाले. यंत्रे सुरू करा." यंत्रांचा आवाज सुरू झाला. मृताच्या शेजारी काम करणारा विशीतला एक मुलगा मात्र जागीच उभा राहिला. त्याचे हात थरथरत होते. कोणी तरी त्यास भित्रा म्हणून हसले. तेव्हा तीर्थरूपांनी हातातला कलश खाली ठेवला व म्हणाले, "शेठ, पाणी आम्ही शिंपडले, काढून ठेवलेली जाळी तुम्ही बसवा. ती बसेपर्यंत ते यंत्र फिरवू नका, आणि या मुलास तूर्त दुसरे काम द्या."

परतताना आम्ही विचारले, "बाबा, मग मंत्रांचा उपयोग काय?" ते म्हणाले, "मंत्र माणसांना एकत्र बसवितो. पुढचे काम बसलेल्यांनी करावयाचे असते. शांतिपर्व वाच."

त्यांच्या आज्ञेवरून आम्ही शांतिपर्व वाचावयास घेतले. भीष्माचा राजधर्म आणि मोक्षधर्म यांसाठी ते पर्व प्रसिद्ध आहे; परंतु त्याच्या आरंभीची कथा आहे ती उद्ध्वस्त झालेले कार्यस्थान पुन्हा उभे करण्याची. युद्ध संपले, विजय मिळाला, सिंहासन रिकामे होते. तरी पांडव लगेच हस्तिनापुरात शिरले नाहीत. मृतांना उदक देऊन ते एक मास गंगातीरी, नगराबाहेर राहिले. राज्याची घडी विस्कटलेली असताना एक मास! आपल्याकडे सुतक पाळतात ते याच शहाणपणाने. शोकाला त्याचा काळ दिला नाही, तर तो पुढे कामाच्या प्रत्येक दिवसातून थोडा थोडा काळ घेतच राहतो.

पुढे नारदांनी कुशल विचारले, तेव्हा धर्मराजाने "सर्व ठीक आहे" असे उत्तर दिले नाही. कर्ण आपला सहोदर होता हे कळल्यापासून आपल्या जिवाची कशी तगमग होत आहे, ते त्याने सर्वांसमक्ष सांगितले. आपल्या हातून घडलेले ज्येष्ठाने असे प्रथम बोलून दाखविले, म्हणजे कनिष्ठांस रडावयास लाज वाटत नाही. त्यानंतर अर्जुन बोलला, भीम बोलला, नकुल-सहदेव बोलले, द्रौपदी बोलली. कोणी रागावले, कोणी टोचून बोलले. पण कोणाचे तोंड बंद केले गेले नाही. व्यासांनी आणि श्रीकृष्णांनी पुन्हा पुन्हा समजाविले, तेव्हा कोठे राजा उठला. एका उपदेशाने शोक जातो असे व्यासांनाही वाटले नाही. मग आपण एका उदकशांतीने तो जावा अशी अपेक्षा का करावी?

राज्याभिषेकानंतर धर्मराजाने केलेली व्यवस्था पाहावी. मंत्रणा विदुराकडे, आयव्यय संजयाकडे, सैन्याची गणती व वेतन नकुलाकडे सोपविले. आणि सहदेवास सांगितले की तू सदैव माझ्याजवळ राहा. खचलेल्या मनास मोठ्या उपदेशापेक्षा नेमून दिलेले, झेपेल एवढे काम आणि जवळचे एक माणूस अधिक आधार देते. ज्या मृत राजांना मागे कोणी आप्त उरले नव्हते, त्यांचेही और्ध्वदेहिक त्याने केले. त्यांच्या नावे सभागृहे, पाणपोया आणि तळी बांधविली. ज्या स्त्रियांचे पती-पुत्र गेले होते, त्यांच्या पोषणाची जबाबदारी राज्याने घेतली. मृतांचे नाव पुसून नव्हे, तर ते लोकोपयोगी कार्यास देऊन राज्य पुढे चालले.

ही केवळ पुराणातली गोष्ट नव्हे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर जो दहशतवादी हल्ला झाला, त्यात ताजमहाल हॉटेलात ३१ जण मारले गेले. पाहुण्यांना वाचविताना प्राण गमावलेले सेवकही त्यांत होते. त्या हॉटेलचा नवा मनोरा २१ डिसेंबर २००८ रोजी उघडला; पण अधिक हानी झालेला जुना राजवाडा पूर्णपणे उघडावयास १५ ऑगस्ट २०१० उजाडला. जे सावरले होते ते आधी, ज्यास वेळ हवा होता ते नंतर, असा तो क्रम झाला. मृतांची नावे तेथे स्मारकावर कोरून ठेवली आहेत.

आजचे वैद्यकशास्त्रही यापासून दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा प्रसंगी द्यावयाच्या मानसिक प्रथमोपचारासंबंधी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणास काय हवे ते पाहावे. जो बोलेल त्याचे ऐकावे. आणि ज्यास आप्तांची, पैशाची वा वैद्याची गरज आहे, त्यास तेथवर पोहोचवावे. परंतु सर्वांना बसवून घडलेला प्रसंग प्रत्येकाकडून वदवून घेऊ नये, असे ती बजावते. ऐकणे निराळे आणि उकरणे निराळे. बहुतेकांचे मन आधार मिळाला म्हणजे कालांतराने सावरते. ज्याची झोप कित्येक आठवडे परत येत नाही, ज्याला तोच प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे दिसतो, त्यास मात्र वैद्याकडे नेलेच पाहिजे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर तिचे साहाय्य मिळते. तेथे दूरध्वनी करण्यात, ताप आला असता वैद्य बोलाविण्याहून अधिक लाज नाही.

आपल्या सभासदांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, कचेऱ्यांत व यंत्रांवर काम करणारेही आहेत. म्हणून दोघांनाही हात जोडून सांगतो. मालकांनी घडले ते स्वतः, खरे खरे सांगावे. न सांगितलेल्या गोष्टीची जागा अफवा घेते. मृताच्या घरी स्वतः जावे आणि देणे मागण्याची वेळ घरच्यांवर आणू नये. कामावर मेलेल्याच्या कुटुंबास भरपाईचा हक्क आपल्याकडे १९२३ सालापासून कायद्याने मानलेला आहे. यंत्राच्या घातक भागास आडोसा असावा, हेही १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले होते. दोष दुरुस्त न करता केलेली शांती देवाची फसवणूक होय. सोबत्यांनी थरथरणाऱ्या हातास हसू नये, रिकाम्या जागेवर दुसऱ्या दिवशी कोणास घाईने बसवू नये, आणि वर्षश्राद्धाचा दिवस विसरू नये. भीष्मांनी देह ठेवल्यावर धर्मराज पुन्हा गंगातीरी कोसळला, असे आश्वमेधिक पर्वात आहे. इतका उपदेश ऐकूनही! धृतराष्ट्राने व श्रीकृष्णांनी त्यास पुन्हा धीर दिला.

परवा आम्ही त्या कारखान्यात प्रसाद घेऊन गेलो. जाळी बसविलेली दिसली. तो मुलगा माल बांधण्याच्या कामावर होता, म्हणाला, "यंत्रावर अजून गेलो नाही. शेठ म्हणतात, घाई नाही." मालक जवळच उभे होते. त्यांनी प्रसाद घेतला, मस्तकास लावला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवशी आम्हांस वाटले की तीर्थरूपांनी आरंभिलेली शांती आता कोठे पूर्ण होऊ लागली आहे.

जे गेले त्यांस सद्गती लाभो. जे मागे राहिले त्यांस एकमेकांचा आधार होण्याची बुद्धी प्रभू देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु.